हात जात नाही, माळा रिकामा होतो

"एकदा हात सुटला की सुटला." मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे वाक्य ऐकू येतं, मैफलीच्या मध्यंतरात ऐकू येतं, संगीत मंडळांच्या बैठकांत तर हमखास ऐकू येतं. सतार-तानपुऱ्याचं काम सोडून कुणी दहा-पंधरा वर्षं दुसरीकडे पोट भरायला गेला आणि परत येऊन पटाशी हातात घेऊ लागला, की त्याच्यापुढे हा निकाल ठेवला जातो. बोलणाऱ्याच्या सुरात कणव असते, म्हणून ऐकणारेही मान डोलावतात. मला मान डोलवायची नाही. हे वाक्य खोटं आहे. एवढंच असतं तर सोडूनही दिलं असतं. पण या वाक्यामुळे परत येऊ पाहणाऱ्या माणसांचं खरंखुरं नुकसान होतं, आणि ज्यांनी काही करायला हवं ते हात झटकून मोकळे होतात. त्याचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा.

मी या वादात तटस्थ नाही. तरुणपणी गल्लीतल्या एका कारखान्यात उस्तादांच्या हाताखाली शिकलो, मग बरीच वर्षं कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभा राहिलो, आणि नंतर परत वाद्यांकडे आलो. परतल्यावर एका संगीत संस्थेत गेलो. तिथे जोड उघडलेले तानपुरे कपाटावर ओळीने पडून होते. दुरुस्तीला द्या म्हटलं, तर उत्तर मिळालं, "तुमचा हात आता राहिला नसेल." माझं एकही काम त्यांनी पाहिलं नव्हतं. तानपुरे आजही तिथेच आहेत. माझ्यासारखे परत आलेले आणखीही काही जण आहेत. करोनाच्या काळात मैफली थांबल्या, दुकानांची मागणी थांबली, तेव्हा गल्लीतल्या कितीतरी हातांनी दुसरी कामं धरली. त्यातल्या काहींना परत यायचं आहे. म्हणून हा प्रश्न माझ्या एकट्याच्या मानापमानाचा नाही.

हात सुटतो म्हणजे नेमकं काय सुटतं, हे आधी पाहू. तानपुरा बनवणं हे एकच काम नाही. भोपळा निवडणं, त्याचं तोंड कापून, भिजवून, आतून काटक्यांचा ताण देऊन गोलाई आणणं, दांडी कोरणं, गळा बसवणं, तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची फळी, घासून नेमक्या जाडीला आणणं, खुंट्या बसवणं, नक्षी, लाखेचं पॉलिश आणि सगळ्यात शेवटी जवारी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज उघडणं. यातल्या प्रत्येक कामाला वेगळी सवय लागते आणि प्रत्येक सवय वेगळ्या वेगाने मंदावते. पॉलिशची पुरचुंडी फिरवताना हात आधी अडखळतो, थर जाड बसतो. खुंटी भोकात अचूक बसवायला पूर्वी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागतो. नक्षीत तर सरळच मागे पडतो माणूस. हे मी मान्य करतो. रोज बारा तास काम करणाऱ्याचा वेग परतलेल्या माणसाला लगेच येत नाही. पण वेग म्हणजे हात नव्हे. काही महिने नियमित काम मिळालं की वेग येतो, आणि मिळालं नाही तर रोज गल्लीत बसून राहिलेल्याचाही जातो.

जवारीचं उदाहरण घ्या, कारण तानपुऱ्याचा जीव तिथे असतो आणि 'हात सुटला' म्हणणाऱ्यांना सगळ्यात मोठी शंका तिथेच असते. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. मागून पुढे त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावरून जाताना एका जागी टेकून सुटत नाही, ती कंपनाबरोबर थोड्या लांबीवर टेकत-सुटत राहते. कानस हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवायची, काचकागदाने पुसून घ्यायचं, तार परत चढवायची, सुरात आणायची, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. केसाइतकं पुढे, केसाइतकं मागे. कुठेतरी एका जागी बंद आवाज उघडतो आणि एका सुरातून अनेक सूर बाहेर पडतात. उतार एका बाजूला जरा जास्त झाला तर आवाज कर्कश होतो, कमी झाला तर तार मुकी वाजते. चारही तारांची जवारी एकाच जातीची यावी लागते. पंचम खुला आणि खर्ज बंद असा तानपुरा गायकाला दहा मिनिटांत थकवतो.

या कामात कानस धरणारा हात किती आणि कान किती? कानसेचा दाब कुठे थांबवायचा हे कान सांगतो. तो कान लेथवर उभा असतानाही माझ्याबरोबरच होता. उलट त्या वर्षांत मी वाद्यं केली नाहीत, तरी गाणं भरपूर ऐकलं, आणि कारखान्यात असताना जे ऐकायला फुरसत नव्हती ते ऐकलं. पुरुषाच्या काळी दोनच्या तानपुऱ्याला कोणती जवारी मानवते, बाईच्या पट्टीला कोणती, सतारीला बंद जवारी मागणारा वादक नेमकं काय टाळू पाहतो, हे मला आज पूर्वीपेक्षा नीट समजतं. परतल्यावर पहिल्या काही घोड्या हाताखालून जाईपर्यंत मनगट ताठ होतं. पण चूक कुठे आहे ते कळत होतं, आणि चूक कळणाऱ्याला ती काढता येते. कानच तयार नसलेला माणूस मात्र आयुष्यभर रोज घोड्या घासूनही तिथेच राहतो. असेही लोक गल्लीत आहेत, आणि त्यांचा हात एकदाही सुटलेला नाही.

दुसरा मुद्दा रक्ताचा. हे काम घराण्यात असावं लागतं, बापाकडून मुलाकडे अखंड यावं लागतं, मध्ये खंड पडला की साखळी तुटली, असं सांगतात. सांगणाऱ्यांनी स्वतःच्या गल्लीचा इतिहास आठवावा. मिरजेत वाद्यकामाचा पाया घातला तो शिकलगारांनी. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, जंबिये यांना धार आणि झळाळी देणारे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला संस्थानी लढायांचे दिवस सरले, शस्त्रांची मागणी आटली, आणि पटवर्धनांच्या मिरजेत फरीदसाहेब शिकलगारांनी मोडके तानपुरे दुरुस्त करता करता नवे करायला घेतले. ही हकीकत गल्लीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ती सांगताना एक गोष्ट निसटते : फरीदसाहेबांच्या रक्तात तानपुरा नव्हता. हातात होतं पोलाद, कानस आणि घासकामाची शिस्त. दुसऱ्या धंद्यातून आलेल्या, वयाने मोठ्या झालेल्या माणसाने हे काम उभं केलं. ज्या परंपरेचा पहिलाच माणूस बाहेरून आला, त्या परंपरेत बाहेर जाऊन आलेल्याला परका ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही. लेथवर काम केलेल्या माणसाला सूत म्हणजे काय, अर्धं सूत म्हणजे काय, हे बोटांनी कळतं. शिकलगाराची कानस जशी तानपुऱ्याच्या कामी आली, तसा लेथवरचा हातही येतो.

एखाद्या माणसाचं सोडा, एखादी पूर्ण कारागिरी जवळजवळ शंभर वर्षं थांबून परत सुरू झाल्याचं उदाहरण युरोपात आहे. हार्पसिकॉर्ड हे तारांचं वाद्य. पट्ट्या दाबल्या की आतल्या नख्या तारा छेडतात. पियानो आला आणि १८०० च्या आसपास हे वाद्य मागे पडलं, पुढे कारखान्यांतून नाहीसंच झालं. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात ते पुन्हा नव्याने बनवून मांडलं गेलं. आर्नोल्ड डोल्मेच या वादकाने १८९३ मध्ये ल्यूट बनवला आणि १८९६ मध्ये हार्पसिकॉर्ड. त्याच्या वेळी जुन्या उस्तादांपैकी कुणीही जिवंत नव्हतं. शिकवायला बाप नव्हता, गल्ली नव्हती. तरी वाद्य परत आलं. आता यातली अवघड बाजूही सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. मोठ्या पियानो कारखान्यांनी सुरुवातीला केलेली ही वाद्यं जड होती, पियानोच्या हाडापेराची होती. कारागीर उत्तम होते, त्यांच्या हातात काहीच कमी नव्हतं. मागे जुन्या वाद्यांचा पद्धतशीर अभ्यास नव्हता आणि जुना आवाज मागणारा श्रोता नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर बोस्टनमध्ये फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाऊड यांनी १९४९ मध्ये कारखाना काढला. हबर्डने संग्रहालयांतली जुनी वाद्यं बारकाईने अभ्यासली, १९६५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, आणि हलक्या, जुन्या घडणीच्या वाद्यांकडे सगळ्यांचं लक्ष वळलं. हे दोघे हार्वर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकलेले. रक्ताचा दाखला त्यांच्याकडे कुणी मागितला नाही.

तिसरा आरोप नैतिक आहे, आणि तो मला सर्वांत जास्त लागतो. "पैशासाठी कला सोडून गेला, आता निवृत्तीनंतर हौस म्हणून आलाय." या वाक्यात कलेविषयी प्रेम आहे असं वाटतं. प्रत्यक्षात त्यात कारागिराच्या घरखर्चाचा विचारच नाही. मिरजेचं वाद्य देशभर जातं, परदेशात जातं, पण अनेकदा त्यावर नाव असतं विकणाऱ्या दुकानाचं. भोपळ्यापासून जवारीपर्यंत ज्याने काम केलं तो नगावर मजुरी घेतो आणि विसरला जातो. गायकाच्या तानपुऱ्याची रसिक तोंड भरून स्तुती करतात, पण तो कुणी केला असं विचारणारा क्वचित भेटतो. पावसाळ्यात हवा दमट, पॉलिश सुकत नाही, काम अडतं, आणि शाळेची फी मात्र जूनमध्येच भरायची असते. अशा माणसाने महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी धरली, तर त्याने कलेशी बेइमानी केली म्हणायचं? त्याने मुलांना शिकवलं, बहिणीचं लग्न केलं, आणि पोटाची चिंता मिटल्यावर परत त्याच कामाकडे आला. याला हौस म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की पोट भरलेलं असताना बाकी कोणत्या धंद्यात माणसं पुन्हा मजुरीवर यायला धडपडतात?

आणि हौस म्हटलं तरी तिचं एवढं वावडं का? खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना विसावा मिळाला. तानपुरा लावण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता, आणि वाद्याच्या दुरुस्तीतही ते स्वतः लक्ष घालत, हे सर्वज्ञात आहे. एवढा मोठा गवई घोडीकडे वळतो तेव्हा आपण कौतुक करतो. कारागीर नोकरी संपवून घोडीकडे वळतो तेव्हा नाकं का मुरडतो?

"आता गरजच काय, यंत्र आहे की," हा चौथा मुद्दा. विजेचा तानपुरा आला, मग मोबाइलमध्ये आला, बटण दाबलं की सूर सुरू. मी यंत्राला शिव्या देणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत रियाज करणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग होतो, प्रवासात होतो. पण यंत्र आलं म्हणून हाताने केलेल्या तानपुऱ्याचं काम संपलं, असं म्हणणाऱ्याने तानपुरा कधी जवळून ऐकलेला नाही. १९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक शोधनिबंध लिहिला. तारेला जिथे छेडलं, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर आवाजात नसायला हवेत, असा युरोपातला जुना नियम होता. रामन यांनी दाखवलं की तानपुऱ्याच्या आणि वीणेच्या रुंद, उताराच्या घोडीमुळे हा नियम इथे लागूच पडत नाही. जे उपस्वर नसायला हवेत तेही आवाजात ठणठणीत असतात. ज्या उतारावर आमचा माणूस कानाने ठरवून कानस थांबवतो, त्याच उताराने भौतिकशास्त्राला विचारात पाडलं.

नीट लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप उमटतो. तो खर्जाचा पाचवा उपस्वर आहे. तो किती उमटावा, कधी उमटावा, हे त्या वाद्याच्या भोपळ्यावर, तबलीवर, त्या दिवशीच्या हवेवर आणि गायकाच्या बोटावर ठरतं. दर आवर्तनाला तो थोडा वेगळा येतो आणि गायक त्याच्याकडे कान लावून गातो. यंत्रातला आवाज ठरवून दिलेला असतो. तो गायकाला सोबत करतो, पण गायकाच्या बोटाला जबाब देत नाही. यंत्राने खरी हानी केली ती वेगळीच. रोजचा रियाज यंत्रावर गेल्याने तानपुरा खोळीतून मैफलीपुरताच बाहेर येऊ लागला. तारेने घोडी झिजणं कमी झालं, जवारी काढून घ्यायला येणाऱ्यांची वर्दळ कमी झाली. नव्या वाद्याची ऑर्डर वर्षाला मोजकीच येते, पण जवारीची आणि खुंट्यांची लहान कामं रोजचा चहा-भाकर भागवायची. ती आटली, आणि माणसं सोडून गेली. तेव्हा यंत्राचा दाखला देऊन परतणाऱ्याला हिणवणं म्हणजे ज्यामुळे तो गेला त्याचंच ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं आहे.

मग परतणं अवघड का जातं? अवघड जातंच, हे मी नाकारत नाही. फक्त कारण हात नाही. कारण आहे माळा.

वाद्यकारागिराच्या घरात माळ्यावर काय असतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. भीमेच्या काठचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे, एकावर एक रचलेले, धुराने आणि वर्षांनी पिवळे पडलेले. तुणाच्या लाकडाच्या फळ्या, मधे पट्ट्या घालून वारा खेळेल अशा ठेवलेल्या. जुन्या वाद्यांच्या निघालेल्या तबल्या. शिसवाचे तुकडे, घोडीसाठी जपून ठेवलेली हाडं. चालू कारागीर दरवर्षी माळ्यावर नवा माल चढवतो आणि मागच्या वर्षांचा उतरवतो. बाप चढवतो आणि मुलगा उतरवतो, असंही होतं. आज हातात घेतलेला भोपळा कधीतरी आधी विकत घेतलेला असतो. सोडून गेलेल्याचा माळा दोन-तीन वर्षांत रिकामा होतो. भाऊ वापरतो, शेजारी विकत घेतो, बाकीचं पावसाच्या गळतीत जातं. परत आल्यावर हात पटाशी धरायला तयार असतो, आणि समोर धरायला लाकूड नसतं. बाजारातून ओली फळी आणून आज दांडी कोरली तर ती उन्हाळ्यात पीळ धरते. कच्चा भोपळा वर्षभरात तडकतो. मग वाद्य बिघडलं की बघणारे म्हणतात, बघा, हात गेला. हात कुठे गेला? वाळलेलं लाकूड गेलं.

भोपळ्याची गोष्ट तर आणखी बिकट. हा भोपळा खायचा नव्हे. त्याची जाड साल, रुंद पोट, सरळ बसणारं बूड ही शेतातच ठरतात. वेल कुठे पसरू द्यायचा, फळ जमिनीवर कसं टेकवायचं, किती दिवस वेलीवर वाळू द्यायचं, हे जाणणारा शेतकरी वेगळा. त्यांची संख्या घटते आहे, कारण भीमेच्या काठाला उजनी धरणाचं पाणी आलं आणि पाण्याबरोबर ऊस आला. ज्या जमिनीत साखर कारखान्याला ऊस घालता येतो तिथे कुणी मोजक्या कारागिरांसाठी कडू भोपळा का लावावा? जे अजून लावतात ते आपल्या ठरलेल्या गिऱ्हाइकाला माल देतात. तो ठरलेला माणूस म्हणजे दरवर्षी न चुकता येणारा. मधली वर्षं न आलेल्याला सगळ्यात शेवटी राहिलेले, वाकड्या बुडाचे भोपळे मिळतात. हा व्यवहार आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण या व्यवहाराला 'हात सुटला' हे नाव देऊ नका. घोडीचंही तसंच. हस्तिदंत गेलं, ते जाणं योग्यच होतं, १९७२ चा वन्यजीव कायदा मला मान्य आहे. त्याच्या जागी हाड, आबनूस, कृत्रिम पदार्थ आले. प्रत्येकावर कानस वेगळी चालते, प्रत्येकाचा आवाज वेगळा येतो. मधल्या काळात पदार्थ बदलले, तेव्हा परतलेल्याला ते नव्याने शिकावे लागतात. पण ते बदलले तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनाच ते शिकावे लागले होते.

आता सरकारी योजनांबद्दल बोलतो, कारण माळा भरायला पैसे लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राची पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. पारंपरिक कारागिरांसाठीच ती आहे. त्यात १८ व्यवसाय आहेत : सुतार, लोहार, कुंभार, सोनार, होड्या बांधणारे, खेळणी करणारे, मासेमारीची जाळी विणणारे. शस्त्रं बनवणारेही आहेत. वाद्यं बनवणारे नाहीत. मिरजेच्या शिकलगारांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी शस्त्राचं काम सोडून तानपुरा घेतला. आज त्यांच्या वंशजाला या यादीत स्वतःच्या धंद्याचं नाव सापडत नाही. सुतार म्हणून अर्ज करा, असा सल्ला मिळतो. सुताराविषयी मला आदरच आहे, पण जवारी काढणाऱ्याने आपली विद्या लपवून मदत का मागावी? शिवाय त्यातलं पहिलं कर्ज एक लाखाचं, आणि ते १८ महिन्यांत हप्त्याहप्त्याने फेडायचं. खुर्ची करणाऱ्याला ते जमेल. ज्याचा आज घेतलेला भोपळा आणि आज घेतलेली फळी वापरायलाच दीड-दोन वर्षं थांबायचं, त्याने पहिल्या महिन्याचा हप्ता कुठून भरायचा? वाद्यकारागिराला कर्ज हवं ते माळ्यावर चढवलेल्या मालाच्या तारणावर, आणि परतफेड सुरू व्हावी ती माल उतरल्यावर. ही मागणी अवास्तव नाही. शेतकऱ्याला पीककर्ज देताना पीक हाती येण्याची वेळ धरतातच ना?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे, आणि त्यासाठी ज्यांनी खेटे घातले त्यांचे आभार मानायलाच हवेत. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, माळा भरत नाही. मिरजेच्या वाद्यकारागिरांनी एकत्र येऊन काही करायचं असेल तर माझ्या मते पहिली गरज सामायिक साठ्याची आहे. चांगल्या वर्षी भोपळे एकत्र घ्यावेत, तुणाच्या फळ्या एकत्र वाळवाव्यात, आणि नव्या शिकणाऱ्याला व परतलेल्याला त्यातून वाजवी भावात द्यावं. प्रशिक्षणाचे वर्ग निघतात, तेही नवख्या मुलांसाठीच असतात. ते असावेतच. पण ज्याला आधीच येतं आणि ज्याला फक्त लाकूड आणि सहा महिने हवेत, त्याच्यासाठी कुणी काही काढत नाही. तो माणूस नवख्यापेक्षा स्वस्तात आणि लवकर उभा राहतो, आणि उभा राहिला की दोन नवखे त्याच्या हाताखाली शिकतात.

साठा होईपर्यंत काय करायचं, याचंही उत्तर आहे, आणि ते गायक-वादकांच्या घरात पडून आहे. महाराष्ट्रात गाण्याची घरं कितीतरी, गाण्याचे वर्ग त्याहून जास्त. आजीचा तानपुरा, जिच्या भोपळ्याला तडा गेला आहे ती सतार, घोडी उडालेली, खुंट्या घसरणारी वाद्यं कपाटावर, खाटेखाली धूळ खात आहेत. मी परतल्यावर कामाला लागलो तो अशाच वाद्यांवर. जुना तानपुरा उघडला की भोपळ्याच्या आत कुण्या अनामिक हाताने ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा दिसतात, जोडावर सरसाने चिकटवलेल्या कापडाच्या पट्ट्या दिसतात. तबली मध्ये किती जाड आणि कडेला किती पातळ ठेवली आहे, हे दोन बोटांत धरून कळतं. ज्या उस्तादांना मी कधी पाहिलं नाही त्यांचं काम मला असं शिकायला मिळालं. लाकूड तर असं की आज पैसे मोजून मिळणार नाही, तीस-चाळीस वर्षं वाळलेलं. दुरुस्तीत हात मोकळा होतो, कान जागा होतो, चार पैसे येतात आणि माळ्यावर चढवायला माल मिळतो.

म्हणून ज्यांच्याकडे असं वाद्य आहे त्यांनी ते परतलेल्या कारागिराकडे द्यावं. विश्वास नसेल तर आधी एक घोडी द्या, जवारी काढून घ्या, स्वतःच्या कानाने ऐका आणि मग ठरवा. जवारीचे पैसे सांगेल तेवढे द्या. त्या कामाला लागलेला वेळ कानसेच्या दोन फेऱ्यांत मोजू नका. आणि वाद्य बंद करण्याआधी त्याला तबलीच्या आतल्या बाजूला स्वतःचं नाव आणि साल लिहायला सांगा, म्हणजे पुढे कुणी ते उघडलं तर काम कुणाचं, हे विचारावं लागणार नाही.